आमची पॉइंट टू टू

प्रत्येक माणसाच्या घरात एक तरी वस्तू अशी असते, की तिचा उपयोग काय, असे कोणी विचारले असता त्याला मान खाली घालावी लागते. आमच्या घरची अशी वस्तू म्हणजे एक जुनी, एका वेळी एकच काडतूस घेणारी पॉइंट टू टू रायफल. कोलकात्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तिने अर्धे कपाट अडविले आहे. "अहो, हिच्या जागी माझ्या सगळ्या रेशमी साड्या मावतील," हे आमच्या कुटुंबाचे गणित बिनचूक असल्यामुळे, केंद्र सरकारच्या कचेरीत आकडेमोड करून पोट भरणाऱ्या आम्हांला ते नाकारता येत नाही.

रायफल म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहील. त्याने कृपा करून खाली बसावे. हिची गोळी शिशाची, वजनाने सुमारे अडीच ग्रॅम. हिच्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि आघात त्या कडेवर होतो. त्यामुळे उडविलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही; पण ते स्वस्त पडते, आणि खांद्याला धक्का असा जाणवतच नाही. दैवाची गंमत पाहा. १८५७ च्या जानेवारीत येथून जवळच, दमदमला, चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता फुटली. त्याच साली तिकडे अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी कडेवर पेटणाऱ्या या चिमुकल्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. एका काडतुसाने कंपनी सरकार हादरले, दुसऱ्याने बहुधा पत्र्याचे डबे. आमचे घराणे या दुसऱ्या काडतुसाचे!

आमची नि हिची गाठ पडली ती २००९ साली. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले. कॉलेजात एन. सी. सी. मध्ये पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या मारल्या आणि त्या एका रुपयाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. आदल्याच वर्षी आमची आई गेली होती. प्राथमिक शिक्षक असलेल्या आबांनी आमचा तो पुठ्ठा बराच वेळ हातात धरला आणि ते काही बोलले नाहीत. आम्हांला एकविसावे पुरे होताच त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, परवान्यासाठी कितीतरी हेलपाटे घातले, आणि दस्त्यावर चरा पडलेली ही जुनी रायफल घरी आली. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिचला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. ते कात्रण आबांनी देव्हाऱ्याशेजारी लावले. त्याचा अर्थ आम्ही आमच्या पद्धतीने लावला.

आम्ही राज्य स्पर्धेत दोनदा उतरलो आणि दोन्ही वेळा निकालपत्राच्या दुसऱ्या पानावर सापडलो. तिसऱ्या वर्षी नोकरीची परीक्षा दिली. तिथे मात्र पहिल्या पानावर आलो. बदलीने कोलकात्यास आणले. परवान्यावरचा पत्ता बदलला, नेमबाज मात्र तोच राहिला. सुट्टीच्या दिवशी आम्ही हिला घेऊन नेमबाजीच्या मैदानावर जातो. पन्नास मीटरांवरचा दहा गुणांचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा, आमच्या गोळ्या त्याच्या भोवती प्रदक्षिणा घालून येतात. एकदा केवळ हौसेने सियालदहाहून लोकल पकडून इच्छापूरला उतरलो आणि १९०४ पासून बंदुका घडविणाऱ्या तिथल्या कारखान्याची भिंत बाहेरूनच पाहून परतलो. गावाच्या नावातली इच्छा कोणाची पुरी होते, हे काही कळले नाही.

१ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी आमच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळविले. तेच काडतूस, तेच अंतर, तोच जिल्हा आणि तेही रेल्वेचे, म्हणजे केंद्र सरकारचेच, नोकर! कचेरीत पेढे आम्ही वाटले. शेजारच्या टेबलावरचे बाबू म्हणाले, "दादा, आमचे जयदीप कर्मकार २०१२ साली लंडनला चौथे आले. चौथ्याला पेढे कोण वाटतो?" आम्ही हसलो, पण घरी येऊन रायफल विकण्यास परवानगी मिळावी, असा अर्ज लिहिला. आबांचे कर्ज वाया घालविल्याचा तो कबुलीजबाबच होता.

रात्री आबांचा फोन आला. पदकाविषयी दोन वाक्ये बोलून झाल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न केला, "पावसाळा आहे बाळ, बंदुकीला तेल लावलंस काय?" आम्ही अर्जाची गोष्ट सांगितली, कुसाळ्यांसारखे आम्हांला काही जमले नाही, हेही सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली.

"त्याच्यासाठी कुठं घेतली होती?" आबा म्हणाले. "तुझी आई गेल्यावर तुझे हात कापायचे. ताट धरतानासुद्धा कापायचे. त्या पुठ्ठ्यावर पाच भोकं एका जागी बघितली, तेव्हा कळलं, बंदूक हातात असली की थांबतात. तेवढ्यासाठी घेतली. थांबले की रे."

आम्ही फोन ठेवला आणि हातांकडे पाहिले. कितीतरी वर्षे हे हात सरकारी कागदावर सरळ ओळी लिहीत आले आहेत, आणि ते कधी कापत होते, याचा आम्हांला पार विसर पडला होता.

अर्जावर 'कार्यवाहीची आवश्यकता नाही' असा शेरा मारून आम्ही तो दप्तरी दाखल केला. मग रायफल काढली. कोलकात्याच्या दमट हवेने नळीवर तांबूस ठिपके उमटले होते. कुटुंबाने काही न बोलता एका जुन्या सुती साडीचा तुकडा फाडून पुढे केला आणि तेलाची बाटलीही आणून ठेवली.