पोर्टस्कॅनचा उगम: पत्त्यापासून यंत्रापर्यंत

इंटरनेटवरील संगणकाच्या एकाच पत्त्यावर वेब, मेल, दूरस्थ लॉगिन अशा अनेक सेवा चालू शकतात आणि त्या वेगवेगळ्या ओळखता याव्यात म्हणून प्रत्येकीला ० ते ६५५३५ यांपैकी एक क्रमांक, म्हणजे पोर्ट, दिलेला असतो. यांतील कोणती पोर्टे उघडी आहेत हे परक्या यंत्राने चाचपून पाहणे म्हणजे पोर्टस्कॅन. चाचपणारे यंत्र जोडणीची विनंती करणारे ‘सिन’ पॅकेट धाडते. पोर्ट उघडे असल्यास ‘सिन-ॲक’ हा होकार येतो, बंद असल्यास ‘रिसेट’ हा नकार येतो, आणि फायरवॉल आडवी आली तर बहुधा काहीच उत्तर येत नाही. गॉर्डन लायन यांच्या एनमॅपने १९९७ पासून हे काम कोणालाही करता येण्याजोगे केले, तर मिशिगन विद्यापीठातील झेडमॅपने २०१३ मध्ये आयपीव्ही४ चा सगळा पत्तासंच एका यंत्रावरून पाऊण तासाच्या आत चाचपता येतो हे दाखवून दिले. त्यामुळे फायरवॉलच्या लॉगमध्ये उमटणाऱ्या प्रत्येक विनंतीमागे धावण्यात अर्थ उरलेला नाही.

एका महाविद्यालयाच्या नेटवर्कची देखभाल करताना प्रस्तुत लेखकाने ज्या स्कॅनचा माग काढला, तो मात्र एकाच पत्त्यावरून, रात्रंदिवस, २३ आणि २३२३ या दोनच पोर्टांवर येत राहिला होता. २३ हे टेलनेटचे, म्हणजे पासवर्डही उघडपणे वाहून नेणाऱ्या जुन्या दूरस्थ लॉगिनचे पोर्ट होय. स्कॅन करणाऱ्याला उत्तर परत मिळवायचे असते, म्हणून त्याला पत्ता सरसकट खोटा देता येत नाही. तरीही खऱ्या पत्त्याभोवती बनावट पत्त्यांची गर्दी करता येते, किंवा तिसऱ्याच निष्क्रिय यंत्राच्या आडून चाचपणी करता येते, हे विसरून चालत नाही. आशिया-पॅसिफिक विभागाच्या एपनिक या नोंदणीसंस्थेची माहिती पाहता तो पत्ता भारतातीलच एका सेवादात्याच्या वाट्याचा निघाला, परंतु अशी नोंद सेवादात्यापाशी थांबते, ग्राहकापर्यंत नेत नाही.

खरी ओळख पॅकेटच्या आत सापडली. टीसीपी जोडणीच्या पहिल्या पॅकेटमध्ये ३२ बिटांचा एक अनुक्रमांक असतो आणि तो एरवी यादृच्छिक, अंदाज बांधता येऊ नये असा निवडलेला असतो. टीसीपीडंप या साधनाने टिपलेल्या या पॅकेटांत मात्र तो अनुक्रमांक म्हणजे ज्या सर्व्हरकडे पॅकेट निघाले त्याचाच आयपी पत्ता होता: उदाहरणांसाठी राखून ठेवलेला १९२.०.२.१० हा पत्ता सलग संख्या म्हणून लिहिल्यास ३२२१२२५९९४ होतो, आणि असेच पत्त्याचे रूप महाविद्यालयाच्या प्रत्येक सर्व्हरकडे आलेल्या पॅकेटात, त्या त्या सर्व्हरनुसार बदलून, उतरले होते. सुमारे ४२९ कोटी शक्यतांमधून हे योगायोगाने वारंवार जुळणे शक्य नाही. ही खूण मिराईची, म्हणजे २०१६ मध्ये कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांना कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डांनी ताब्यात घेणाऱ्या आणि पुढे स्रोतसंहिता उघड झाल्याने अनेक वाण निघालेल्या मालवेअरची आहे. त्या पत्त्यामागचा माणूस हल्लेखोर नसून बहुधा स्वतःच पीडित आहे, हे येथे उमगले आणि तक्रारीचा सूरच बदलला. अशा वेळी उलट स्कॅन करून धडा शिकवण्याची इच्छा कटाक्षाने आवरली पाहिजे, कारण तो फटका एका अजाण ग्राहकाला बसतो.

सेवादात्याकडे केवळ पत्ता कळवून भागत नाही. पत्त्यांच्या टंचाईमुळे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो आणि त्यांतला नेमका ग्राहक हुडकायला पाठवणाऱ्याचे स्रोतपोर्ट व अचूक वेळ लागते. सर्व्हरचे लॉग जागतिक प्रमाणवेळेत असल्याने भारतीय वेळेशी असलेला साडेपाच तासांचा फरक तक्रारीत स्पष्ट लिहावा लागला. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस राखणे आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणे बंधनकारक केले, त्याचे मोल अशा कामातच पटते.

सेवादात्याच्या चौकशीत ते यंत्र एका दुकानातील सीसीटीव्हीचा रेकॉर्डर निघाले. तो बंद करून पुन्हा चालू करताच स्कॅन थांबला, कारण मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहते. पण मूळ पासवर्ड तसाच असल्याने रेकॉर्डर लवकरच पुन्हा बाधित झाला, आणि दुकानदाराने तंत्रज्ञाकडून पासवर्ड बदलून टेलनेट बंद करून घेतल्यावरच त्या पत्त्यावरून येणारी पॅकेटे कायमची थांबली.