तारप्याभोवती

लग्नसराईत बोईसर-तारापूर रस्त्याला रात्री उशिरा बँजो पार्ट्यांचे टेम्पो भेटतात. हळदीची सुपारी वाजवून परत निघालेले, दोऱ्यांनी आवळलेले स्पीकर, त्यांच्या खोबणीत झोपलेली पोरं. मला टेम्पोवरची नावं वाचायचा नाद आहे. काही नावं अजून पेंटरच्या हातची असतात : वेलांटी टपापर्यंत चढलेली, अक्षराला लाल सावली, शेवटच्या कान्याला उगाच एक शेपूट. त्या शेपटीत मोठी ऐट असते.

हेच नाव मग फ्लेक्सवर सोनेरी होतं, मागे आगीच्या ज्वाळा पेटतात. टी-शर्टच्या पाठीवर छापणाऱ्याला सापडला तो फॉन्ट. युट्यूबवर निळी चमक. वाजवणारे हात तेच, पण डोळ्याला दर वेळी नवी ओळख करून घ्यावी लागते. पोरांना तरी काय म्हणावं? फ्लेक्स उद्या सकाळी हवा असतो, मागच्या मोसमातली फाईल दुकानात सापडत नाही, आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाला आपलीही कला दाखवायची असते.

ओळख सगळीकडे एकच कशी ठेवायची, हा प्रश्न याच पालघर जिल्ह्यात भिंतींनी केव्हाच सोडवलाय. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोकाला चावून कुंचला केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी चौक लिहितात तो एवढ्याच ऐवजावर. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ही रेघ भिंतीवरून कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण दूर देशीच्या दालनातही ते चित्र लांबूनच ओळखू येतं, कारण कागदावर आल्यावरही त्यानं रंगांचा हावरेपणा केला नाही. मधोमध तारपा फुंकणारा, भोवती नाचणाऱ्यांची वळत गेलेली माळ. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नसते, असं सांगतात. फेर कितीही लांबो, तोंड आत.

म्हणून काही ग्रुप हा तारपेवालाच उचलून फ्लेक्सवर बसवतात. मला ते पटत नाही. तो सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर आहे, कापडी पिशव्यांवर आहे. तो जिल्ह्याची खूण सांगेल, तुमच्या बँजोची कशी सांगणार? शिवाय तो वारल्यांचा आहे. घ्यायचाच तर त्या रेघेचा संयम घ्यावा.

मोठ्या बँडांच्या खुणाही काही फार थाटात जन्मल्या नाहीत. बीटल्सच्या नावातला तो खाली लोंबणारा ‘टी’ १९६३ साली लंडनच्या एका वाद्यविक्रेत्यानं, आयव्हर आर्बिटरनं, ड्रमच्या दर्शनी पानासाठी रेखाटला. रोलिंग स्टोन्सची लाल जीभ १९७० साली जॉन पाशे या कलाविद्यार्थ्यानं काढली, पन्नास पौंडांत. मिक जॅगरनं त्याला दाखवलं होतं आपल्या कालीमातेचं चित्र! पुढे पन्नास वर्षं ती जीभ तबकड्यांवर, तिकिटांवर, सदऱ्यांवर बाहेरच राहिली.

आपल्याकडे तर खूण आधीच टेम्पोवर आहे. ती शेपूटवाली अक्षरं सरळ समोरून फोटोत घ्यावीत, जाणत्याकडून एकदा नीट गिरवून फाईल करावी, आणि ती ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावी, दुकानदाराच्या भरवशावर नको. रंग दोनच. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल चौकटीत नाव मावत नसेल तर तिथे नुसतं पहिलं अक्षर, पण त्याच वळणाचं. टी-शर्ट एका रंगात छापला तरी ते वळण टिकलं पाहिजे. नाही टिकलं तर अक्षरात सजावट जास्त आहे असं समजावं.

आणि ज्वाळा? पोरांना ज्वाळा हव्याच असतात, तो वयाचा भाग आहे. असू द्याव्यात. फक्त फ्लेक्सवर ज्या पेटल्या, त्याच टी-शर्टवर पेटाव्यात.