ऐकू येतं, पण कळत नाही

"पोटात कया येतात," असं पेशंटने सांगितलं, तर पुण्या-मुंबईचा माणूस क्षणभर अडखळतो. अकोल्याचा अडखळत नाही. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा होतो डोया, केळी होते केयी. पण तुम्ही पुण्याचे असलात तरी चार वाक्यं ऐका. मेंदू हा नियम आपोआप पकडतो आणि मग ते 'य' खटकायचे थांबतात.

कान फक्त आवाज आत पोचवतो. त्याचा शब्द बनतो मेंदूत, बहुतेकांच्या डाव्या कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या भागात. मेंदू पुढचा शब्द सतत ताडत असतो. ओळखीची बोली असली की अंदाज बरोबर येतात, अनोळखी उच्चार असले की चुकतात आणि वेळ लागतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात परक्या ढबीचं इंग्रजी ऐकणारे लोक सुरुवातीला मागे पडले, पण साधारण मिनिटभरात बरेच सावरले.

ही सवय पाळण्यापासून लागते. इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ओळखतं. वर्षाचं होईपर्यंत ती क्षमता बरीच ओसरते, कारण घरात तिचं काम पडत नाही. (साहेबाला आपला 'त' का जमत नाही, ते आता कळलं असेल!) आपलंही तेच. इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चे उच्चार आपल्या कानाला दोन्ही 'व'च वाटतात.

आता मुद्द्याचं. वय वाढतं तशी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकण्याची ताकद आधी कमी होते. स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, आ-ई-ओ हे स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही." आजी बोलल्या तर कळतं, कारण पन्नास वर्षांच्या ओळखीच्या आवाजातल्या गाळलेल्या जागा मेंदू स्वतःच भरतो. अमेरिकेतल्या नातीचं मराठी असो की बँकेच्या फोनवरचं हिंदी, तिथे हा आधार मिळत नाही. सगळी शक्ती शब्द ओळखण्यातच खर्च होते, लक्षात ठेवायला उरत नाही. आणि घरचे म्हणतात, "बाबा हल्ली विसरतात."

माझ्याकडे असेच एक सत्तरीतले गृहस्थ आले होते. मुलाला स्मरणशक्तीच्या गोळ्या हव्या होत्या. मी आधी कानातला मळ बघितला, मग ऑडिओमेट्रीला पाठवलं. दोन्ही कानांत उंच पट्टीची श्रवणशक्ती बरीच गेलेली होती. यंत्र बसवल्यावर पहिला आठवडा त्यांनी भांड्यांच्या आवाजाबद्दल तक्रार केली; सवय व्हायला काही आठवडे लागतातच. आता नातीशी बोलतात. "भराभरा बोलते," ही तक्रार अजून आहे, आणि ती खरीही असावी.

तुमच्या घरी असं असेल तर ओरडून बोलू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं स्पष्ट होत नाहीत. टीव्ही बंद करा, समोर बसा, सावकाश बोला. नाहीच कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. औषधाची वेळ मात्र लिहूनच द्या. ऐकू न येण्यावर उपाय केला नाही तर स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो, म्हणून "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका. नीट ऐकू येऊनही माणूस घरचा रस्ता चुकत असेल किंवा तोच प्रश्न दहादा विचारत असेल, तर स्मरणशक्तीची तपासणी हवीच.

एक गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. काल नीट बोलणाऱ्या माणसाला आज अचानक घरच्यांचंच बोलणं कळेनासं झालं, किंवा त्याचं बोलणं असंबद्ध झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. सकाळपर्यंत वाट बघू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. 108 ला फोन करा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, ते कागदावर लिहून सोबत न्या.