एमएच-३९ आणि केटी

इंजिनिअरिंगला येऊन ज्याला कधीच केटी लागली नाही असा प्राणी विरळाच. आमच्या होस्टेलला मात्र सगळ्यांना मिळून एक कायमची केटी लागली होती, आणि ती चार पायांची होती. काळी, पोटाखाली पांढरी, पाठीवर कोणीतरी गरम पाणी टाकल्याचा जुना डाग. आम्ही फर्स्ट इयरला आलो तेव्हा ती होस्टेलच्या पायरीवर बसलेली होती. "कितीही सेमिस्टर गेली तरी सुटत नाही" म्हणून सीनियर्सनी तिचं नाव केटी ठेवलं होतं.

तिचा स्वतःचा रिझल्ट मात्र वेळच्या वेळी लागायचा. वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी पाच-सहा पिल्लं! मेसच्या मागे लाकडांच्या ढिगाखाली ती विणार, आम्ही आठ दिवस बिस्किटं घेऊन तिकडे चकरा मारणार, मोबाईलवर फोटो काढणार. मग सबमिशन सुरू व्हायची आणि पिल्लांकडे बघायला कोणाला वेळ नसायचा. दोन महिन्यांनी एखादं उरलेलं असायचं, कधी तेही नाही. काही पावसात जायची, काही गेटसमोरच्या रस्त्यावर डंपरखाली. आम्ही "अरेरे" म्हणायचो आणि टपरीवर चहा प्यायला जायचो. खोटं कशाला बोलू?

थर्ड इयरला आप्पांनी मला गाडी घेऊन दिली. त्या वर्षी पपईला भाव बरा लागला होता. गाडी मिळाली तरी माझं समाधान नव्हतं, मला नंबर हवा होता. ०९०९. माझी जन्मतारीख नऊ सप्टेंबर. नंदुरबारच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही, १९४२ साली याच दिवशी शिरीषकुमार गोळी झेलून गेला. (त्याच्या तारखेवर जन्मून मी काय दिवे लावले ते पुढे येईलच.) पसंतीच्या नंबराची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. आरटीओकडे अर्ज करायचा, ठरलेली फी भरायची. एकाच नंबरावर दोन अर्ज आले तर जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात मागवतात, ज्याचं पाकीट जड त्याचा नंबर. पूर्वी ४१४१ जरा वळवून लिहिला की प्लेटवर 'दादा' व्हायचा, २१४ चा 'राम' व्हायचा, ८०५५ चा 'बॉस'. हाय सिक्युरिटी प्लेट आल्यापासून ती कलाकारी बंद झाली, पण हौस कुठे जाते! माझी पावती किती रुपयांची होती ते इथे छापत नाही, कारण हा अंक घरी जातो आणि आईला अजून खरा आकडा माहीत नाही.

तर अशी ती एमएच-३९ वाली गाडी मी होस्टेलच्या शेडमध्ये लावायचो. ऑगस्टमधली गोष्ट. एमथ्रीचा पेपर सुटत नव्हता म्हणून डोकं गरम. दुपारी तडक खाली आलो, किक मारली आणि न बघता गाडी मागे घेतली. मागच्या चाकाच्या सावलीत केटीचं एक पिल्लू झोपलेलं होतं. आवाज फार मोठा आला नाही. मी उतरलो तेव्हा ते श्वास घेत होतं, मग नव्हतं घेत. केटी आली, तिने त्याला हुंगलं, चाटलं, मग माझ्याकडे बघून शेपटी हलवली. मला चावली असती तर बरं झालं असतं. रूम पार्टनरने आणि मी ते शेडमागे पुरलं. मागचं चाक मी बोअरच्या पाण्याने धुतलं, नंबर प्लेटसकट.

दुसऱ्या दिवशी मी मेसच्या मावशींना म्हणालो, "मावशी, केटीचं ऑपरेशन करून टाकू या." मावशी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "कुत्रीनं ऑपरेशन? येडा व्हयना का तू?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "कर भाऊ. ती बी बाईनी जात शे. किती येळा तेच सोसशी ती?"

ठरवणं सोपं होतं. गुरांच्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, "कुत्री कोणाची?" मी म्हणालो, कोणाचीच नाही, होस्टेलची. त्यांनी मला समोर बसवून नियम समजावला. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आपल्याकडे २००१ साली आले आणि २०२३ मध्ये ते बदलून नवे आले. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, तीही मान्यताप्राप्त संस्थेमार्फत. ऑपरेशननंतर ठेवायला पिंजरे हवेत, देखभाल हवी, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. पाळीव कुत्रं असेल तर सगळं मालकाने बघायचं. मी एका कार्यालयातही जाऊन आलो. तिथे "निधी आला की बघू" असं उत्तर मिळालं. निधी कुठून येतो आणि कोणत्या वाटेने, हे तिथे कोणी सांगू शकलं नाही.

त्याच सुमारास न्यू जर्सीच्या मामेभावाशी बोलताना मी हे रडगाणं लावलं. तर त्याने शेजाऱ्याच्या गाडीच्या प्लेटचा फोटो पाठवला. प्लेटवर नंबराच्या जोडीला कुत्रा आणि मांजर! पॅट्रिक मॅकडॉनेल नावाच्या व्यंगचित्रकाराने काढलेली ती जोडी. ही प्लेट घ्यायला जादा पैसे पडतात आणि ते पैसे राज्याच्या कुत्र्या-मांजरांच्या स्वस्त नसबंदीच्या योजनेला जातात. टेक्सासमध्येही तशी प्लेट आहे. वर्षाला ३० डॉलर जादा, त्यातले २२ थेट या कामासाठी वेगळे ठेवतात आणि संस्थांना अनुदान म्हणून देतात. फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया इथेही हीच युक्ती. माणसाची हौस तीच, पण तिचा पैसा कुठे जाणार ते प्लेट घेतानाच ठरलेलं!

आपल्या हौसेचा पैसा सरकारी तिजोरीत जमा होतो. मग मी कॅल्क्युलेटर घेतला (एवढं तरी आपल्याला येतं). ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने हे दर वाढवले. आपल्यासारख्या जिल्ह्यात चारचाकीला ०००१ हवा असेल तर ५ लाख, दुचाकीला १ लाख. भटक्या कुत्र्याच्या नसबंदीला पकडण्यापासून सोडण्यापर्यंत साधारण १,६५० रुपये असा दर पशु कल्याण मंडळाने सुचवलेला. म्हणजे एका जीपच्या एका नंबरात तीनशे कुत्री! एखाद्या भागातली सत्तर टक्के कुत्री झाली तरच फरक दिसतो म्हणतात, आणि तालुक्याच्या गावात एखादा वॉर्ड तेवढ्यात नक्की बसेल. माझ्या ०९०९ चा हिशेबही केला. निदान दोन-तीन केट्या.

"असं आपल्याकडे होत नसतं भो," असं मित्र म्हणाला. होत नसतं कसं? आपल्या सरांच्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ साली सुरू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात खडी फोडणाऱ्याची मजुरी शहरातल्या पगारदाराच्या खिशातून! पंजाबात गाडीखरेदीवर गायींसाठी सेस लावलेला आहे. आणि कुत्र्यांवर सरकार पैसे खर्च करत नव्हतं असंही नाही. इंग्रजांच्या काळात मुंबईत कुत्रं मारलं की बक्षीस होतं, त्यावरून १८३२ मध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरून दंगल झाली होती. तेव्हा मारायला पैसे होते. आता न मारायला हवेत.

माझं हे भाषण होस्टेलमध्ये फार गाजलं. वर्गणी मात्र चार दिवसांत ४१० रुपये जमली, आणि डब्यात एक शर्टाचं बटण. उरलेले मी घातले. आप्पांना फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "नंबराला दिले तेव्हा विचारलं होतंस का मला? आता कशाला विचारतो?"

डॉक्टरसाहेबांनी केसपेपर पुढे केला. 'मालकाचे नाव' या रकान्यावर मी जरा थांबलो. आरसी बुकावर आधी एकदा मालक झालो होतो तेव्हा कसा टेचात सही केली होती! इथे लिहिलं, पूर्ण नाव, रूम नंबर, होस्टेल. प्राण्याचे नाव : केटी. साहेब हसले आणि औषधांपुरतेच पैसे घेतले.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. मी घरी गेलो नाही. मावशींच्या पडवीत गोणपाटावर केटी पडून असायची, टाका चाटू नये म्हणून जुन्या बादलीचं बूड कापून तिच्या गळ्यात घातलेलं. ते डिझाईन माझं, मेकॅनिकलच्या चार वर्षांतला माझा एकमेव चालू प्रोजेक्ट. तिसऱ्या दिवशी तिने भाकरी खाल्ली. कानाच्या टोकाला व्ही आकाराची छोटी खाच आली आहे. लांबून दिसते, वाचायला आरटीओ लागत नाही.

मग ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा, कॉलेज, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथून भटकी कुत्री हलवायची, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवायची, पुन्हा तिथे सोडायची नाहीत. कुत्रं चावलेलं पोर ज्याने पाहिलंय त्याला हा आदेश चूक वाटणार नाही, रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. मलाही चूक म्हणवत नाही. पण नोटीस बोर्डावर कागद लागला त्या संध्याकाळी मी केसपेपर शोधत सगळी रूम उलथीपालथी केली. वह्यांच्या गठ्ठ्यात सापडला. रेक्टर सरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "मालक आहेस ना? मग गेटच्या आत नको."

तेव्हापासून केटी मावशींच्या दारात बांधलेली असते, गेटपासून शंभर पावलांवर. गाडी आता मी तिथेच लावतो. काढण्याआधी वाकून दोन्ही चाकांखाली बघतो. पोरं हसतात.

जूनमध्ये माझं इंजिनिअरिंग संपेल. गाडी विकली तर फॉर्म २९ आणि ३० भरून मालक बदलता येतो. केटीच्या केसपेपरवर माझ्या नावाखाली मावशींनी परवाच नातीकडून पेनाने आपलं नाव लिहून घेतलं.