उभे राहा

सहावीचं एकच वर्ष. जून २०११ ते एप्रिल २०१२. रत्नागिरीतली मिशनची, निव्वळ मुलांची, पाचवी ते सातवीची शाळा. नाव लिहीत नाही. लिहिलं तर भांडण शाळेशी होईल, आणि माझं निम्मं भांडण माझ्याशीच आहे.

तिथं मला आजोबांनी घातलं. आजोबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमचा म्हातारा. पुन्हा आत गेलाच नाही. गावी येऊन चिरेखाणीवर चिरे उचलले. पण डोक्यात एक बसलेलं, नातू पाद्र्याच्या शाळेत शिकला पाहिजे. आजी तर दारातनं ओरडायची, "शालंत जा, पन फुडं बस. मागं बसू नको." तिला मागं बसणं म्हणजे काय ते माहीत होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, समोर काय आहे? मी म्हटलं, "फला." वर्ग हसला. आमच्याकडं ळ नाही, ल आहे. कुणब्यांच्या पोरांचंही तसंच. पण त्या दिवसापासनं मी बोलायच्या आधी शब्दात ळ आहे का ते बघायला लागलो.

सकाळी प्रार्थना. पोरं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावायची. मी हात बांधून उभा. घरी आम्ही त्रिशरण म्हणतो. फादर कधी बोलले नाहीत, जबरदस्ती नाही. निम्मी फी त्यांनीच माफ केली. कपाटातली पुस्तकं घरी न्यायला दिली. मी आज चार ओळी लिहितो त्याचं मूळ त्या कपाटात आहे. हे लिहिलं नाही तर मी बेइमान ठरेन.

बाकावर माझा जोडीदार बोर्डिंगच्या आचाऱ्याचा मुलगा. नगरकडचा. तो मला पाव द्यायचा, मी त्याला तांदळाची भाकरी आणि सुकट. पावसात शाळेतनं निघालो की त्याच्या एका छत्रीत दोघं. गेटपर्यंत तो मला सोडायचा आणि भिजत परत जायचा.

ऑगस्टात वर्गशिक्षक रजिस्टर घेऊन आले. "समाजकल्याणवाले उभे राहा." चार जण उभे राहिलो. सरांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना फॉर्म भरायचे होते, डोकी मोजायची होती. पण साठ पोरांनी आमच्याकडं वळून बघितलं. त्यानंतर दर महिन्याला काही ना काही निघायचं. दाखला आणा, सही आणा, उभे राहा. मागच्या बाकावरनं हळूच यायचं, "सरकारचे जावई."

आमच्या जिल्ह्याला हे नवं नाही. दापोलीत १८९० नंतरच्या वर्षांत महार पेन्शनर शिपायांनी सरकारकडं अर्ज केले, आमच्या पोरांना शाळेत घ्या म्हणून. पोरं व्हरांड्यात बसवली जात होती. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. लहानपणी ते काही काळ दापोलीत होते. पुढं साताऱ्याच्या शाळेत बसायचं गोणपाट घरनं न्यायचे. मला बाक होता. गोणपाट नव्हतं, व्हरांडा नव्हता. फक्त अधूनमधून उभं राहायचं.

जोडीदार बसून असायचा. एकदा त्याला विचारलं, तुम्ही कोण?

"ख्रिश्चन."

"त्याच्या आधी?"

तो पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही जे, तेच. आजा सांगायचा. बाप्तिस्मा झाला तरी गावात पाणी वेगळंच होतं. पण कुणाला सांगू नकोस."

तेव्हा मला समजेना, तेच तर मग हा बसलेला कसा? पुढं गिरणीत लागल्यावर वाचलं. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे होता. १९५६ ला सगळे शीख घेतले, १९९० ला आम्ही बौद्ध. ख्रिस्ती बाहेर राहिले. म्हणजे आजे एकाच वाटेवरचे, नातवांना रकाने दोन. मी उभा राहिलो की उघडा पडायचो. तो बसला की झाकला जायचा, पण त्याच्या बापाला सवलतीचा तो कागद कधी मिळणार नव्हता.

डिसेंबरात नाताळच्या तयारीला वर्गात चांदण्या लावत होतो. कोणीतरी म्हणालं, "जावयाला काम सांगू नका." सगळे हसले. जोडीदारही हसला. मी शिडीवरनं खाली आलो आणि मोठ्यांदा बोललो, "हा काय हसतोय? हाही आमच्यातलाच आहे. विचारा त्याला."

वर्ग गप्प झाला. त्याच्या हातातली चांदणी तशीच राहिली.

फादरांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. मारलं नाही. म्हणाले, "इथं सगळी देवाची लेकरं." मी मनात म्हटलं, मग रजिस्टरात रकाने कशाला? पण तो प्रश्न मला तोंडावर फेकता आला नाही, कारण रजिस्टरचं काम आता मीच केलं होतं. त्याला मीच उभं केलं होतं.

त्यानं जागा बदलली. मार्चपर्यंत त्यालाही एक नाव पडलं. ते लिहीत नाही. निकालाच्या दिवशी तो बापाबरोबर गेटात उभा होता. आचारी माझ्याकडं बघून हसले, त्यांना त्यानं काही सांगितलं नसावं. मी मान खाली घालून एस.टी.कडं गेलो.

त्या मे महिन्यात आजोबा गेले. उरलेली निम्मी फीही झेपेना. सातवी गावच्या शाळेत. दहावीनंतर इचलकरंजीला सूतगिरणीत. रिंगखात्यात रात्रपाळीला तुटलेलं सूत सांधत फिरतो. बोटं सांधतात, डोकं मोकळं असतं. मग ती चांदणी दिसते.

दोस्ता, हा अंक तुझ्या हाती पडेल असं नाही. पडला तर एवढं वाच. मी बोललो ते खरं होतं. पण ते सांगायचं की नाही, कुणाला, कधी, हे तुझं होतं. मी ते तुझ्याकडनं हिसकावून घेतलं. आपण दोघं मिळून सरांना विचारायला पाहिजे होतं, उभं कशाला करता म्हणून. ते राहिलं.