चालते करण्याचा खर्च

मोडलेले हाड सांधणे आणि ते हाड ज्याचे आहे त्या माणसाला पुन्हा चालते करणे, ही दोन निराळी कामे आहेत. आपल्याकडील सरकारी विमा पहिल्या कामाला मोकळ्या हाताने पैसे देतो. दुसऱ्यापाशी येताच त्याची मूठ आवळते. हे वाचून कोणास वाटेल की आम्ही सरकारविरुद्ध गाऱ्हाणे मांडावयास बसलो आहो. तसे नाही. फोंडा तालुक्यात भौतिकोपचाराचे, म्हणजे सर्व लोक ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्याचे, लहानसे केंद्र आम्ही उभयतांनी काढले. ज्यांच्यापाशी पैशाऐवजी विम्याचे कार्ड आहे अशांना प्रथम बोलवावयाचे, असे तेव्हाच ठरवले. त्या निश्चयाला व्यवहाराच्या अंगणात उभे करताना काय काय करावे लागले, ते आमच्या समाजबांधवांना कळावे एवढाच हेतू.

प्रथम विम्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. आयुष्मान भारत या नावाने ओळखली जाणारी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तीत पात्र कुटुंबास वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिच्याही आधीची, २०१६ सालची. तिच्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख व त्याहून मोठ्या कुटुंबास ४ लाख अशी मर्यादा आहे. दोन्ही योजनांनी गोरगरिबांच्या घरांवरील मोठी संकटे टाळली आहेत, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. परंतु त्यांचा रोख इस्पितळातील खाटेवर आहे. प्रधानमंत्री योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच आजूबाजूचा खर्च धरला आहे. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेले उपचार तिच्या कक्षेत येत नाहीत.

आता पक्षाघाताच्या रोग्याचे पाहा. त्याच्या हातापायांत जी शक्ती परत यावयाची, तिचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत येतो. त्या काळात रोज हात उचलून घेतला, खांदा सांभाळला, उठणे, बसणे, तोल धरणे पुनःपुन्हा करवून घेतले, तर माणूस आपल्या पायांनी न्हाणीपर्यंत जाऊ लागतो. तेवढे झाले नाही तर खांदा निखळू पाहतो, पाऊल आत वळते, स्नायू आखडतात. विम्याचे १५ दिवस संपतात तेव्हा हा माणूस नुकता कोठे आधाराने उभा राहू लागलेला असतो! ज्यांची नोकरी कामगार राज्य विम्याखाली येते त्यांना, १९४८ च्या कायद्याच्या कृपेने, बाहेरून येऊन घेतलेले उपचारही मिळू शकतात. पण काजूच्या बागेत रोजंदारी करणारा किंवा देवळाबाहेर फुले विकणारी बाई त्यात कोठून येणार?

या सर्वांत एक योजना निराळी आहे, आणि आमच्या केंद्राचा पाया आम्ही तिच्यावर घातला. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ती निरामय योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांतील व्यक्तींना तीत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, जन्मापासूनचा दोष म्हणून कोणास वगळणे नाही. मुख्य म्हणजे इस्पितळात न राहता घेतलेली थेरपीही तीत बसते. तिच्यासाठी आत वेगळी मर्यादा आखलेली आहे. ज्या मुलाला आठवड्यातून तीनदा यावे लागते त्याच्या वर्षाच्या दीडशे फेऱ्या होतात. तेव्हा ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. तरी काहीच नसण्यापेक्षा हे पुष्कळ.

मात्र पैसे आधी कुटुंबाने भरावयाचे आणि पावत्या पाठवून मागाहून परत मिळवावयाचे, अशी रीत आहे. श्रीमंताला ही रीत सोयीची. ज्याच्या घरी आठवड्याचा बाजार आठवड्याच्या मजुरीवर होतो त्याला ती बंद दारासारखी. आम्ही ठरवले की अशा कुटुंबांकडून, परतावा हाती आल्यावाचून, शुल्क घ्यावयाचे नाही. जागेचे भाडे निघावे म्हणून सकाळचा वेळ मानदुखी-पाठदुखीच्या, खिशातून पैसे देणाऱ्या मंडळींसाठी ठेवला आणि दुपार या मुलांसाठी. समांतर दांडे आम्ही नळकाम करणाऱ्याकडून लोखंडी पाइपांचे करून घेतले. मुलांना उभे धरून ठेवणारी चौकट व कोपऱ्याची खुर्ची सुताराने फणसाच्या लाकडाची केली. कॅटलॉगातील परदेशी सामानाहून ती जड आहे खरी, पण मोडली तर दुरुस्त करणारा माणूस शेजारच्या वाड्यात राहतो.

गोमंतकात या कामात एक अडचण अशी निघाली की ती अन्य प्रांतांतील मंडळींना सांगूनही खरी वाटणार नाही. आमची आडनावे पोर्तुगीज दप्तरात पोर्तुगीज वर्णांनी लिहिली गेली. नाईकांच्या नावाच्या शेवटी क्यू, यू, ई ही अक्षरे आली. केणींचे नाव क्यू अक्षराने सुरू झाले. प्रभूंचे पोरोबो झाले, कामतांचे कामोतिम. १९६१ नंतर काहींनी लेखन बदलले, काहींनी ठेवले, आणि पुष्कळांच्या घरी दोन्ही नांदत राहिली. परिणामी मुलाच्या जन्मदाखल्यात एक वर्णलेखन, दिव्यांगत्वाच्या दाखल्यात दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे. माणूस एक, कुलदैवत एक, पण कागदावर तीन. अशा कागदांचा जुडगा एका कचेरीतून परत आला, दुरुस्त करून पाठवला, पुन्हा परत आला. तेव्हापासून नवीन मूल आले की त्याचे गुडघे पाहण्यापूर्वी आम्ही त्याचे कागद पाहतो. शपथपत्र कोठे करावे, कोणते नाव मुख्य धरावे, पावतीवर उपचारांची प्रत्येक तारीख, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आमचा नोंदणी क्रमांक कसा असावा, हे सारे आता आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेले आहे. हे भौतिकोपचाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवीत नाहीत.

या परत आलेल्या कागदांपैकी एका मुलाची आई पुढे येईनाशी झाली. मूल पाच वर्षांचे, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकणारे. चौकटीत उभे राहून हाताने चेंडू टाकू लागले होते. तीन आठवडे वाट पाहून आम्ही तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला, पण नजर वर केली नाही. म्हणाली, “देणें शिल्लक आसतना तुमच्या दारांत पांय कसो घालूं?” आम्ही कधी मागितले नव्हते, मागणारही नव्हतो, परंतु न मागितलेले देणेही अंगावर चढते, हे तिच्या त्या एका वाक्याने आम्हाला शिकवले. त्या तीन आठवड्यांत मुलाच्या टाचा पुन्हा उचलल्या गेल्या होत्या.

उपाय सुचवला तो गावच्या देवस्थानाच्या एका वृद्ध महाजनांनी. त्यांचे म्हणणे असे की देवस्थानाने थोडे खेळते भांडवल बाजूला काढावे. फी त्यातून त्याच दिवशी द्यावी, आणि विम्याचा परतावा आला की कुटुंबाने ती रक्कम पुन्हा तेथेच भरावी. योजना उत्तम होती. पण आम्ही ती त्या आईस सांगितली तेव्हा तिचा चेहरा अधिकच उतरला. आमचे देणे एक वेळ उशिरा फिटले असते. देवाचे देणे डोक्यावर घेऊन ती पालखीला कशी उभी राहणार? महाजनांनी हे ऐकले, थोडा वेळ पंचाच्या टोकाशी चाळा केला, आणि भांडवल देवस्थानाच्या वहीतून काढून स्त्रियांच्या भजनी मंडळाच्या हवाली केले. मंडळातील बायका एकमेकींकडून भिशी, हळदीकुंकवाची वर्गणी, उसने तांदूळ वर्षानुवर्षे घेत-देत आलेल्या. तेथे घेण्यात कोणासच संकोच वाटला नाही. ती आई पुढच्याच सोमवारी मुलाला कडेवर घेऊन आली.

येथे वाचक विचारील की देवळाचा आणि या उपचाराचा संबंध एवढाच का? वस्तुतः संबंध याहून जवळचा आहे. आम्ही रोग्याला पहिल्या दिवशी विचारतो की तुम्हाला कशासाठी चालावयाचे आहे. शहरातील पुस्तके सांगतात की रोगी दुकान, कचेरी, मोटार यांची नावे घेईल. आमच्याकडे दहांतील बरेच जण देवळाचे नाव घेतात. पक्षाघातातून उठलेले एक गृहस्थ म्हणाले, “म्हाका दुसरें कांय नाका. पालखेच्या दिसा सात सोपणां चडून देवाक हात जोडूंक मेळ्ळे म्हणल्यार जालें.” त्यांच्यासाठी आम्ही केंद्रात लाकडाच्या तीन पायऱ्या करविल्या. चढताना सशक्त पाय पहिला, उतरताना अशक्त पाय पहिला, हा नियम ते नामस्मरणासारखा पुटपुटत असत. पायरी चढण्यास गुडघा साधारण ९० अंशांपर्यंत वाकला की निभते. पंक्तीत मांडी घालून बसण्यास त्याहून पुष्कळ अधिक वाकावा लागतो, आणि साष्टांग नमस्कारातून एकट्याने उठणे हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. खुब्याचा सांधा बदललेल्यांना सुरुवातीचे काही महिने खाली बसणे वर्ज्यच. त्यांनी टेबलावर जेवावे असे सांगितले की त्यांना पंक्तीबाहेर काढल्यासारखे वाटते. आमच्या गावच्या भटजींनी एका समाराधनेला स्वतःच त्यांच्याजवळ खुर्ची ओढून पान मांडून घेतले. त्यानंतर तो प्रश्न आमच्यापुरता मिटला.

पादत्राणांचा प्रश्न मात्र इतक्या सहज मिटला नाही. भारतात रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तरी त्यापूर्वी ज्यांचे पाय गेले ती माणसे आपल्यात आहेत, आणि आता त्यांचे वयही होत आले आहे. आमच्याकडे येणारे एक पखवाजवादक त्यांपैकी. त्यांचा कॅलिपर बुटाला जोडलेला. बूट काढला तर लोखंडाला टेकू राहत नाही आणि पाय दुमडतो. म्हणून भजनी सप्ताहात ते सभामंडपाबाहेरच्या कट्ट्यावर बसून साथ करीत. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. आपले तसे असते, अशा सुरात सांगितले.

जयपूरच्या सवाई मानसिंग इस्पितळात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी जो पाय घडवला, त्याच्या मुळाशी हाच विचार होता. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे, त्याने उकिडवे बसता येत नसे, आणि अनवाणी वावरणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या माणसाला तो निरुपयोगी ठरे. जयपूर पायाने माणूस अनवाणी चालू लागला. कॅलिपरच्या बाबतीतही आता प्लॅस्टिकच्या एका प्रकारचे साधन मिळते, जे पायाला आतून धरते व बुटावर अवलंबून नसते. आमच्या वादकांना ते करवून घेतले, आणि देवळापुरता वेगळा, धुतलेला रबरी तळवा त्याखाली बसवला. तरीही आत नेण्यापूर्वी देवस्थान समितीला विचारणे योग्य वाटले. समितीत एक बाजू म्हणाली की हा अवयवच झाला, जानव्याला जसे कोणी वस्त्र म्हणत नाही तसे. दुसरी बाजू म्हणाली की आज हे, उद्या आणखी काही. वाद दोन बैठका चालला. अखेर सभामंडपापर्यंत मुभा मिळाली. गर्भकुडीचा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला नाही. त्या वर्षी सप्ताहात पखवाज आतून वाजला. आवाज छपराखाली कसा निराळा घुमतो, याविषयी ते दुसऱ्या दिवशी आमच्याशी व्यायाम सोडून अर्धा तास बोलत होते.

सध्या उतरणीचे काम चालू आहे. सात पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण चढ १०५ सेंटिमीटर. चाकाची खुर्ची हाताने ढकलण्यास एकास बारा हा उतार मानलेला आहे. तेव्हा लांबी १२ मीटर ६० सेंटिमीटर होते, शिवाय मध्ये एक विसावा आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. अंगणात इतकी सरळ जागा नाही. दीपस्तंभाला हात लावावयाचा नाही, तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा अडता कामा नये, आणि पालखीच्या फेऱ्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. आम्ही दोरी व चुना घेऊन तीनदा आखणी केली. तिसऱ्या वेळी उतरण अग्रशाळेच्या भिंतीलगत नेऊन एका वळणाने वर घेतली, तेव्हा ती बसली. महाजनांनी चुन्याच्या रेघेवरून स्वतः चालून पाहिले. एका नातवाने सायकल उतरवून पाहिली आणि रागावून घेतले. गवंड्याने चतुर्थीनंतरचा आठवडा दिला आहे.