आभाळातला कचरा आणि आमच्या पोरी

मंडळी, २ एप्रिल २०२२ आठवतो का? गुढीपाडवा होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या लोकांनी आभाळातून जळत जाणारी एक लांबच लांब रेघ पाहिली. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पडलं. नंतर कळलं, आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं सुमारे ३ मीटर व्यासाचं एक कडं पडलंय. जवळच्या पवनपारला धातूचा एक गोळाही सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांचं म्हणणं पडलं.

आमच्या घरातल्या मोठ्यांना यावरून लगेच १९७९ सालचं स्कायलॅब आठवलं. तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता, आपल्या डोक्यावर तर नाही ना पडणार? पण माझी नववीतली भाची आणि तिच्या मैत्रिणी यांच्यापुढे यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी हा विषय काढला, तेव्हा पोरींचा प्रश्न वेगळाच निघाला. "मावशी, मग तो कचरा काढत काहून नाही कोणी?"

म्हटलं, तुम्हीच सांगा कसा काढायचा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे वेग. हे तुकडे सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटरने फिरतात, म्हणजे यवतमाळ ते नागपूर वीसेक सेकंदांत! दुसरी म्हणजे संख्या. एक सेंटीमीटरहून मोठे तुकडे १० लाखांपेक्षा जास्त असावेत, असा युरोपीय अंतराळ संस्थेचा अंदाज आहे.

पहिली सूचना झाडूची आली. त्यावर एकीने फटकन विचारलं, "झाडायचं काम तिथंही आमच्याकडंच का?" हसून हसून पुरेवाट झाली. :)

मग चुंबक. मी काहीच बोलले नाही. एक जण उठून स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरचं चुंबक ॲल्युमिनियमच्या गंजाला लावून परत आली. "चिपकत नाही ना! सॅटेलाईटमध्ये तर ॲल्युमिनियमच जास्त असते म्हणता." चुंबक बाद.

मग जाळं. इथे शेतकऱ्याघरची एक पोर, एरवी फार न बोलणारी, म्हणाली की बिथरलेल्या वासराला दावं टाकलं तर ते आपल्यालाच ओढत नेतं. तो तुकडा गरगर फिरत असेल तर आपलं यानही त्याच्यासोबत फिरणार. आधी लांबून चक्कर मारून पाहायला पाहिजे, तो किती आणि कसा फिरतो ते.

मी चाटच पडले. कारण जपानच्या ॲस्ट्रोस्केल कंपनीच्या यानाने २०२४ मध्ये नेमकं हेच केलं. २००९ पासून भटकणाऱ्या, सुमारे ३ टनांच्या एका रॉकेटच्या टप्प्याजवळ ते गेलं, त्याभोवती फिरून फोटो काढले आणि शेवटी १५ मीटरपर्यंत पोचलं. पकडायचं काम पुढच्या मोहिमेसाठी ठेवलं. जाळं टाकायचा प्रयोगही २०१८ मध्ये 'रिमूव्हडेब्री' उपग्रहाने करून झालाय, पण तो स्वतःच सोडलेल्या एका छोट्या वस्तूवर.

शेवटी भाची म्हणाली, काम संपलं की उपग्रहानेच छत्री उघडावी. गाडीवर मागे बसून छत्री उघडली की कशी मागे खेचते! काही शे किलोमीटरवरही अगदी विरळ हवा असतेच, त्यामुळे ही कल्पनाही खरी आहे. कचरा उचलण्यापेक्षा तो न करणं सोपं, हे इस्रोनेही धरलंय. २०२४ मध्ये पीएसएलव्हीचा वापरून झालेला वरचा टप्पा ६५० किलोमीटरवरून ३५० वर उतरवला आणि २१ मार्चला तो वातावरणात शिरून संपला. मागे काही उरलं नाही.

तर सांगायचा मुद्दा असा. आपण मुलींना सुवाच्य अक्षर, पाठ केलेल्या व्याख्या आणि पैकीच्या पैकी मार्क यांचं कौतुक करतो. चुकायची मुभा फार थोडी देतो. या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्याच गाईडच्या शेवटी छापलेलं नाही. इथे चुंबक चुकलं तरी कुणाचे मार्क जात नाहीत, आणि वासरू सांभाळलेली पोर वर्गातल्या पहिल्या नंबराच्या पुढे जाते.

आणि चुकणं तर मोठ्यांनाही सुटत नाही. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी मिळून 'आझादीसॅट' केला. ७ ऑगस्ट २०२२ ला रॉकेटने त्याला चुकीच्या कक्षेत सोडलं. कक्षेचं एक टोक जमिनीपासून अवघ्या ७६ किलोमीटरवर, त्यामुळे उपग्रह टिकलाच नाही. पुन्हा तयारी झाली आणि १० फेब्रुवारी २०२३ ला 'आझादीसॅट-२' नीट कक्षेत पोचला.

आता त्या वासरूवाल्या पोरीबद्दल. पुढच्या वर्षी तिची दहावी. गावात अकरावीला फक्त आर्ट्स आहे, सायन्ससाठी तालुक्याला जावं लागतं. घरी विचार चाललाय की रोजची ये-जा कशाला, शिवाय पुढचा खर्च. मी तिच्या बाबांशी बोलले. एसटीचा पास मुलींना फुकट आहे. २०२४ पासून घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची मुलींची शिक्षण फीही सरकार भरतं. हे त्यांना माहीतच नव्हतं. "पाहू" म्हणाले. आमच्याकडे "पाहू" म्हणजे नाही सुद्धा असतं आणि हो सुद्धा, हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळची शेवटची बस चुकली तर पोर काय करेल, हा त्यांचा प्रश्न बाकी आहे, आणि तो खोटा नाही. तालुक्याला माझी एक चुलत नणंद राहते, तिला विचारून ठेवलंय.

पुण्या-मुंबईत आणि बाहेर देशात असलेल्या आपल्या इंजिनिअर लेकी-सुनांनो, येत्या रविवारी दुपारी चारला या पोरी कांद्याच्या पोत्याची जाळी आणि फिरता चेंडू घेऊन माझ्या अंगणात जमणार आहेत. पंधरा मिनिटं फोनवर या. त्या पोरीच्या बाबांनाही मी चहाला बोलावलंय.